मदत हवी आहे: ४८६ ला सीएफ कार्ड लावलंय, ४ जीबीचे ३०३ एमबी का दिसतात?

मंडळी, मशीन ४८६ डीएक्स२-६६ (नव्वदच्या दशकातला पीसी), डॉस ६.२२. जुनी ४२० एमबीची हार्डडिस्क कुरकुरायला लागली म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीएफ-आयडीई अ‍ॅडॅप्टर (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड हार्डडिस्कच्या आयडीई केबलला जोडणारा) आणि ४ जीबीचं कार्ड आणलंय. बायोस (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) ऑटो डिटेक्टमध्ये सिलिंडर ७७८५, हेड १६, सेक्टर ६३ (डिस्कवरची जागा मोजायचे तीन आकडे) दाखवतो, पण एफडिस्कमध्ये (डॉसचं पार्टिशन करायचं साधन) ३०३ एमबीच येतात. तेवढ्यावर फॉरमॅट केलं. फ्लॉपीवरून सी ड्राइव्ह उघडतो. कार्डावरून बूट करताना नुसता कर्सर लुकलुकतो. जुनी डिस्क यूएसबी-आयडीई केबलने लॅपटॉपला लावली तर फिरते, पण दिसत नाही. तिच्यात हिशेबाचा डेटा आहे.

खटपट्या: कार्ड ठीक आहे, गणित बायोसचं गंडलंय. सिलिंडरचा आकडा सांगायला त्याच्याकडे १० बिटच आहेत, म्हणजे १०२४ झाले की पुन्हा शून्यापासून. ७७८५ मधून सात वेळा १०२४ वजा करा, ६१७ उरतात. ६१७ × १६ × ६३ × ५१२ बाइट म्हणजे तुमचे ३०३ एमबी.

ऑटो सोडा. बायोसच्या डिस्क यादीतला टाइप ४७ किंवा 'युजर' पर्याय घेऊन हाताने १०२३/१६/६३ भरा, ५०३ एमबी मिळतील. तुम्हाला पुरे. हेड आणि सेक्टरला हात लावू नका. कार्डाचे मूळ आकडे तेच आहेत, म्हणून हेच पार्टिशन लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्येही उघडेल. आकडे बदलल्यावर आधीचं पार्टिशन उडवून नवं करा.

कर्सरचं दुखणं वेगळं. नव्या कार्डाच्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशन टेबल असतं, पण बूट कोड (डॉस सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बहुधा नसतो. सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही खूण दिसली की डॉसचं एफडिस्क तो कोड लिहीतच नाही. फ्लॉपीवरून 'एफडिस्क /एमबीआर' द्या, पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करा, मग 'फॉरमॅट सी: /एस'.

पिनक्रमांक१: लॅपटॉपवर डिस्क न दिसण्याबद्दल. यूएसबी ब्रिजच्या (केबलमधल्या) चिपला एलबीए, म्हणजे सेक्टरचा सरळ अनुक्रमांक, लागतं. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कना फक्त सीएचएस, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टर, कळतं. केबली बदलून उपयोग नाही. कॉपी ४८६ वरच करा: एकाच केबलवर कार्ड मास्टर (पहिली डिस्क), जुनी डिस्क स्लेव्ह (दुसरी), 'एक्सकॉपी डी:\*.* सी:\ /एस /ई'. ६.२२ चं एक्सकॉपी हिडन फायली गुपचूप वगळतं, आणि जुनी हिशेबाची पॅकेजं नेमकी तशीच एखादी फाइल ठेवतात. त्या फोल्डरवर आधी 'अ‍ॅट्रिब -एस -एच' चालवा, म्हणजे फायलींवरची सिस्टिम-हिडनची खूण निघेल.

प्रश्नकर्ता: १०२३ भरून बूट झालं, कॉपीही झाली! पण रात्री बंद केलं आणि सकाळी बायोसमधले आकडे गायब.

खटपट्या: बायोसचे आकडे जपणारी बोर्डावरची ३.६ व्होल्टची बॅरल (नळकांड्यासारखी, चार्ज होणारी) बॅटरी गेलीय. आजच उपटून टाका. गळली असेल तर तिच्या आसपासच्या ट्रॅकवर हिरवट थर दिसेल, आपल्याकडच्या दमट हवेत तो भराभर पसरतो. व्हिनेगर लावलेल्या कानकाडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बोर्डावर चार पिनांचं एक्स्टर्नल बॅटरीचं हेडर असेल तर तिथे तीन एए सेल लावा आणि जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) त्या बाजूला करा. बॅरलच्या जागी सीआर२०३२ (चार्ज न होणारा बटण सेल) सरळ टाकू नका. बोर्ड तिला चार्ज करत राहील आणि ती फुगेल. टाकायचीच असेल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा.