चेक नटांचं घरातलं ‘मॅकबेथ’: प्रयोग कसा व्हायचा?

प्रश्न: सोलापुरात एकांकिका बसवतोय. कम्युनिस्ट राजवटीत बंदी आलेले चेक नट प्रयोग करायचे कसे?

उत्तर १: घराच्या दिवाणखान्यात. १९७७ च्या ‘चार्टर ७७’ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानंतर सह्या करणाऱ्या नटांना रंगमंच बंदच झाला. व्लास्ता ख्रामोस्तोव्हा आणि पावेल लांडोव्हस्की यांनी १९७८ मध्ये नाटककार पावेल कोहौट यांनी छाटून लहान केलेलं ‘मॅकबेथ’ केलं. सव्वा तासाचा खेळ, पाच माणसं आणि एक सुटकेस. ज्याला हवं त्याने मित्र जमवून या मंडळींना घरी बोलवायचं. नेपथ्य असतं तर हे जमलंच नसतं.

उत्तर २: हौशी मंडळींचंही बघा. १ नोव्हेंबर १९७५ ला प्रागच्या वेशीवरच्या होर्नी पोचेर्नित्से भागात एका खानावळीच्या हॉलमध्ये आंद्रेय क्रोब यांनी बंदी असलेले नाटककार वात्स्लाव हावेल यांचं नाटक केलं. एकच प्रयोग! मग चौकश्या सुरू झाल्या, काहींच्या नोकऱ्याही गेल्या.

उत्तर ३: म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात करू नका, तिथे नट आणि प्रेक्षकांत अंतर फार पडतं. एखाद्या वाड्याच्या माजघरात सतरंजीवर चाळीसेक माणसं बसवा, पहिली रांग नटापासून हातभर. प्रकाशाला घरातलाच बल्ब. पार्श्वसंगीत नको, दारावरची थाप पुरते, पण ती खऱ्या दारावरच पडू द्या, ध्वनिमुद्रित थाप लगेच ओळखू येते.

आणि संहितेला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र आधीच काढा.