पेशंट कोलेस्टेरॉलची गोळी मधेच सोडतात, काय करायचं?

फार्मडी_इंटर्न:
फार्म डीची (फार्मसीचा डॉक्टरेट कोर्स) इंटर्नशिप चालू आहे, सध्या मेडिसिन वॉर्डला. ओपीडीत पेशंटना गोळ्या समजावून सांगायचं काम आम्हा मुलांकडे आहे. बीपी-शुगरचं लोक ऐकतात पण ॲटोरवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी म्हटलं की गाडी अडते. काल एक काका आले, अँजिओप्लास्टी झालेली, पिशवीतून रिपोर्ट काढून म्हणतात बघ एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 94, नॉर्मल, म्हणून गोळी बंद केली. कायम घ्यायची असते सांगितलं तर हो हो म्हणाले, पण घेणार नाहीत हे दिसतच होतं. लेक्चर न देता कसं पटवायचं?

मेडिकलवाला:
काउंटरवर रोज हेच बघतो. "गोळी घेता ना?" विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा "राहतात हो कधी कधी, मागच्या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचार, मग निघतं बाहेर, एकादशी होती, लग्नाला गेलो होतो, रात्री जेवलोच नाही मग गोळी कशी घेणार. ॲटोरवा, रोसुवा दिवसात कधीही चालते, जेवणाचाही संबंध नाही, याच गटातली सिमवास्टॅटिन तेवढी रात्रीची. डॉक्टरांना विचारून सकाळच्या बीपीच्या गोळीला जोडून दे. आणि स्ट्रिपा घेऊन यायला सांगच, कंपनी बदलली की काही जण जुनी-नवी दोन्ही खातात, काही दोन्ही सोडतात. ब्रँडखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बोट ठेवून दाखवायचं.

क्लिनिकल_फार्मसिस्ट:
त्या काकांना रिपोर्टवरूनच सांग. 94 आलंय ते गोळी चालू होती म्हणून, बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत वर. शिवाय लॅबने छापलेली रेंज सरसकट सगळ्यांसाठी असते, अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्याला 70 च्या खाली हवं, बरेच कार्डिऑलॉजिस्ट तर 55 धरतात. म्हणजे त्यांचं नॉर्मल नाहीच, हे डॉक्टरांच्या कानावर घाल, डोस तेच ठरवतील.
पाय दुखतात म्हणून सोडणारे वेगळे. लंडनच्या सॅमसन ट्रायलमध्ये (2020) साइड इफेक्टमुळे स्टॅटिन (म्हणजे याच गटातल्या गोळ्या) सोडलेल्यांना आलटून पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि काहीच नाही असे महिने दिले, तर खऱ्या गोळीवर जो त्रास झाला त्यातला साधारण 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. पण म्हणून पेशंटला "मनाचे खेळ आहेत" म्हणू नकोस, तो परत येणार नाही. कधीपासून, दोन्ही पाय की एकच, नीट लिहून डॉक्टरांना दे. दुखणं जोराचं आणि लघवी काळपट असेल तर थांबायचं नाही, लगेच पाठवायचं.

आईची_लेक:
पेशंटकडच्या बाजूने लिहिते. आमची आई म्हणायची मी कुठे जाडी आहे, तूप पण खात नाही, मला कशाला ही गोळी. डॉक्टरांना कधी विचारलं नाही, घाई असते ना त्यांना. हॉस्पिटलमधल्या एका विद्यार्थिनीने खाली बसून सांगितलं की कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं लिव्हरच बनवतं, खाण्यातून येतं ते थोडं. मग कागदावर मराठीत कुठली गोळी कशासाठी ते लिहून दिलं, तो अजून फ्रिजवर आहे. व्हॉट्सॲपवर लिव्हर खराब होतं वगैरे येत राहतं, तेव्हा आई आता आधी मला विचारते.

फार्मडी_इंटर्न:
लॅबच्या रेंजचं माझ्या डोक्यातच नव्हतं. काकांना स्ट्रिपा घेऊन बोलावते.

मेडिकलवाला:
काकूंना पण बोलव. गोळ्या त्याच काढून देत असणार.