मदत हवी आहे: माळ देणाऱ्याला शिक्षा झाली, माळेचं काय करू?

ओलीवाट

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आधीच सांगते, "ते निर्दोष आहेत, हे कारस्थान आहे" असे प्रतिसाद नकोत. निकालपत्र मी वाचलंय, सगळं. एका बैठकीत जमलं नाही, चार दिवस लागले. तक्रार करणाऱ्यांपैकी दोघींना मी ओळखते.

2003 साली ज्यांच्याकडून मी अनुग्रह घेतला त्यांना गेल्या वर्षी शिक्षा झाली. इथे "ज्यांच्याकडून" लिहिताना हात अडतो. नवरा दर वेळी टोकतो, "अजून 'त्यांनी'च म्हणतेस?" एकवीस-बावीस वर्षांचा आदरार्थी आहे, जिभेवरून निघत नाही.

फोटो त्याच दिवशी उतरवला. पुस्तकं, ध्वनिफिती, प्रसादाची शाल, सगळं गेलं. त्याचं काही वाटलं नाही, उलट कपाट मोकळं झालं. अडकलेय ती जपमाळेत. तुळशीची, एकशे आठ मणी आणि मेरू, म्हणजे टोकाचा मणी. अनुग्रहाच्या वेळी त्यांनी स्वतः हातात दिलेली.

तीन महिने ती बंद डब्यात ठेवली होती. स्फटिकाची नवी माळ आणली. मणी गार, गुळगुळीत, बोटातून सटकतात. दोनदा मोजणी चुकली की मी चिडायची, चिडून केलेला जप कसला? मग जपच सुटला. पहाटे साडेचारला जाग यायची आणि हाताला काम नसायचं. शेवटी माळ बाहेर काढली. हाताला लगेच ओळख पटली, पण मेरूपाशी आले आणि "मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची" हे त्यांच्या आवाजात ऐकू आलं. चार माळा करते, म्हणजे रोज चारदा.

खरा घाव मात्र पुढे. या माळेला किरमिजी-पिवळा गोंडा आहे. आमच्या सगळ्यांच्या माळांना तोच असायचा, लांबून ओळखू यायचं हा आपल्यातला. मागच्या महिन्यात एक जुनी मैत्रीण आली. तिची धाकटी बहीण तक्रारदारांपैकी एक. गोमुखी (माळ ठेवायची जपाची पिशवी) खुर्चीवर होती, गोंडा बाहेर लोंबत होता. तिने तो पाहिला, हातातला पेला खाली ठेवला, आणि दहा मिनिटांत "निघते" म्हणाली. बोलली काहीच नाही. तेव्हापासून फोन नाही.

जाऊ म्हणते पाण्यात सोडून दे, विषय संपला. नवरा म्हणतो ठेव, तुझी आहे. मला ठेवायचीय, हे खरं. पण ठेवायचीय म्हणून मी कारणं जुळवतेय का, हे मला कळेनासं झालंय. अशा वस्तूतून कुणी गेलंय का? नेमकं काय केलंत?

रिकामटेकडा

लाकूड आहे. खटकतंय तर टाका, खटकत नसेल तर ठेवा. एवढा मोठा धागा कशाला?

खडूस_काका

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. मी देवधर्म मानत नाही, तरी विचारतो: माळ बावीस वर्षांची म्हणता, मग ती एकदाही तुटली नाही? तुळशीचे मणी चिरतात, सुती दोरा झिजतो. दिली तेव्हाची किती उरलीय त्यात?

ओलीवाट

काका, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आत्ता बसून मोजलं. दोरा चारदा बदललाय, शेवटचे दोनदा मीच ओवली. तेवीस मणी नवे आहेत, रंगावरून कळतात, अजून पिवळट आहेत. जुने काळपट झालेत आणि अंगठा लागतो त्या बाजूने चपटे. मेरू मात्र तोच.

सांजघंटा

ओलीवाटताई, मी ख्रिस्ती आहे. आमच्या घरातही जपमाळ असते, एकोणसाठ मण्यांची, आणि ती धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घेतात. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. सोळाशे-सतराशे वर्षं जुना.

इ.स. 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने छळ सुरू केला तेव्हा ख्रिस्ती लोकांना धर्मग्रंथ जाळण्यासाठी हवाली करायला सांगितलं. काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने दिले. छळ थांबला आणि उत्तर आफ्रिकेत भांडण पेटलं. कार्थेजच्या नव्या बिशपला दीक्षा देणाऱ्यांपैकी एकाने ग्रंथ हवाली केले होते असा आरोप झाला. मग त्या हातांनी दिलेली दीक्षा खरी की खोटी? आणि पुढे त्या बिशपने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांचं काय? खोटी म्हणणारे ते डोनाटस नावाच्या बिशपचे अनुयायी. 314 च्या आर्लच्या धर्मसभेने त्यांच्या विरुद्ध कौल दिला, तरी वाद शंभर वर्षं धुमसला. संत ऑगस्टीनने त्यांच्याविरुद्ध भरपूर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकाश घाणीवरून गेला म्हणून मळत नाही. देणारा ख्रिस्त, धर्मगुरू नुसता मधला हात. 411 साली कार्थेजला दोन्ही पक्षांची मोठी सभा झाली आणि निकाल डोनाटसवाल्यांच्या विरुद्ध गेला.

लहानपणी हे शिकले तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही. भाविकाला या विचाराचा आधार होतो, त्याची वर्षं फुकट जात नाहीत. पण नालायक माणूससुद्धा त्याच छत्रीखाली उभा राहतो ना. "माझ्याकडे बघू नका, विधीकडे बघा" म्हणायला मोकळा.

अलीकडचं एक उदाहरण तुमच्या गोंड्यापाशी येऊन थांबतं. मार्को रुपनिक नावाचे धर्मगुरू आणि मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) कलाकार. अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, आणि 2023 मध्ये त्यांच्या जेझुइट संघाने, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने, आज्ञाभंगाच्या कारणावरून त्यांना काढून टाकलं. फ्रान्समध्ये लूर्द इथल्या जपमाळेच्या बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर त्यांची मोझेइक चित्रं आहेत, 2008 मधली. ती काढायची की ठेवायची यावर तिथे खूप खल झाला. 2024 मध्ये आधी रात्री त्यांच्यावर टाकायचा प्रकाश बंद केला. मग मार्च 2025 मध्ये दारांवरची चित्रं पत्र्यांनी झाकायला सुरुवात केली. भिंती तशाच, झाकली ती दारं, कारण अत्याचार सोसलेल्या कुणाचं पाऊल उंबरठ्यावर अडखळू नये. काहींना हे फार उशिरा आणि फार कमी वाटलं. मलाही. पण दारापासून सुरुवात केली हे मला पटलं.

अवांतर: आमच्याकडे आशीर्वादित वस्तू निकामी झाली तर कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. उद्या निरोप द्यावासा वाटलाच तर वाहत्या पाण्यापेक्षा तुळशीच्याच मुळाशी पुरा. लाकूडच ते, मातीत जाईल.

अर्धविराम

मी एरवी वाचनमात्र असते. दुसऱ्या एका ठिकाणहून बाहेर पडलेली आहे, तपशील देणार नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बहिणीच्या जागेवरून लिहितेय असं समजा.

माळ ठेवलीत म्हणून मला तुमचा राग येणार नाही. गोंडा पाहून मात्र पोटात खड्डा पडेल. मणी कुणाकडेही असतात, माझ्या आजीकडेही होते. गोंडा म्हणजे गणवेश. आमच्याकडे एका ठरावीक रंगाचं उपरणं होतं. अजून रस्त्यात तो रंग दिसला की मी पलीकडच्या बाजूला जाते. उपरणं घेतलेल्या माणसाने माझं काहीही केलेलं नसतं.

गोंडा आज कापा. उद्या नको.

आणि मैत्रिणीला फोन करा, पण माळेवर बोलायला नको. "मी माळ का ठेवली" हे तिला समजावून सांगायला लागलात तर तुमची समजूत काढायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात. "गोंडा दिसला, चुकलं माझं, काढून टाकला" एवढं बोला आणि बहीण कशी आहे ते विचारा. ती सांगेल ते ऐका. सांगणार नाही, तर तेही.

ओलीवाट

कापला. कात्री घेऊन पाच मिनिटं नुसती बसले होते, मग नवऱ्याला म्हटलं तू बघू नकोस. फोन अजून केलेला नाही. करते.

रिकामटेकडा

आधीचा प्रतिसाद तुसडा होता, मागे घेतो.

जुनी_वही

ताई, सगळे माळेवर बोलतायत. मला दुसरंच विचारायचंय. तिच्यावर जप कसला करता? मंत्रही त्यांनीच दिलेला ना? माळ पुरता येईल. मंत्र कुठे पुराल?

ओलीवाट

इथेच येऊन थांबलेय खरं तर. म्हणूनच मूळ लेखात लिहिलं नाही. हो, मंत्र त्यांचाच. कुणाला सांगायचा नाही असं बजावलं होतं, नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

जुनी_वही

वाटलंच होतं. दोन जुन्या गोष्टी सांगते, दोन्ही परंपरेने सांगितल्या जातात तशा.

पहिली कबीराची. रामानंद दीक्षा देणार नाहीत म्हणून तो पहाटेच्या अंधारात काशीच्या घाटाच्या पायरीवर आडवा झाला. त्यांचा पाय पडला, तोंडून "राम" निघालं, आणि कबीराने तोच मंत्र धरला. म्हणजे देणाऱ्याला आपण काही दिलं याचा पत्ताही नव्हता. नाव आधीपासून होतंच, घेणाऱ्याने घेतलं.

दुसरी रामानुजांची. तिरुकोष्टियूरला त्यांच्या गुरूंनी मंत्र दिला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून ताकीद दिली. रामानुज देवळाच्या उंच जागी चढले आणि जमलेल्या सगळ्यांना तो मोठ्याने सांगून मोकळे झाले. गुरूंनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, मी एकटा नरकात जाईन, पण हे सगळे तरतील.

दुसरी मुद्दाम सांगितली. गुप्त मंत्राची परंपरा आहे, त्यामागे चांगला हेतूही असतो, हे मला मान्य. पण तुम्ही तो अजून गुप्त ठेवताय ते कुणाच्या शब्दाखातर? माळ डब्यात ठेवलीत, फोटो उतरवलात, आणि "कुणाला सांगू नकोस" ही त्यांची आज्ञा अजून पाळताय. या माणसाने "कुणाला सांगू नकोस" आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल, ते तुम्ही निकालपत्रात वाचलं असेलच.

मी तुमच्या जागी असते तर मंत्र घरात मोठ्याने म्हटला असता. मग ठेवायचा की सोडायचा ते ठरवलं असतं.

खडूस_काका

नास्तिक असूनही या प्रतिसादाला दाद देतो.

ओलीवाट

चार दिवसांनी लिहितेय.

जुनी_वही, तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री झोप लागली नाही. "कुणाला सांगू नकोस" हे निकालपत्रात सहा ठिकाणी आहे. मी परत काढून मोजलं.

काल रात्री नवऱ्याला सांगितला. तोंडातून शब्द फुटेना, घशात काहीतरी दाटलं, मग एका दमात म्हणून टाकला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "एवढंच? हा तर आमची आजी पोळ्या लाटताना म्हणायची." मला आधी राग आला. बावीस वर्षं जपलेलं गुपित, आणि ते पोळ्यांच्या पिठात पडलेलं होतं. मग हसायला लागले ते थांबेचना. तो घाबरला, पाणी घेऊन आला.

आज पहाटे चार माळा केल्या. मेरूपाशी आवाज आलाच. नाही आला असं खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्या माळेनंतर आजेसासूबाईंचं लाटणं आठवून पुन्हा हसू आलं, आणि मोजणी चुकली.

मैत्रिणीला फोन केला. अर्धविराम, तुम्ही सांगितलंत तेवढंच बोलले. ती "बरं" म्हणाली. बहिणीबद्दल काही बोलली नाही, मी उकरलं नाही. ठेवताना म्हणाली, पुढच्या आठवड्यात करते. बघू.

माळ ठेवतेय. मेरू बदलायचा विचार आहे. त्याने दिलेल्यांपैकी तो एकच मणी आता खुपतो, बाकीचे माझ्या अंगठ्याने झिजलेत. एक शेवटची मदत: गोंडा कापताना मेरूखालची गाठ उसवली, त्यामुळे आता सगळीच नव्याने ओवावी लागेल. मागच्या वेळचा दोरा वर्षभरही टिकला नव्हता. कुठला घेऊ?

सांजघंटा

आमच्याकडे साखळीत ओवतात, त्यामुळे माझा पास.

खडूस_काका

बायकोला विचारून सांगतो, तिची माळ दहा वर्षं टिकलीय. सुतीच घ्या, पण पदर जास्त घ्या आणि दोऱ्याला मेण चोळा. दर दोन मण्यांमध्ये गाठ मारा, म्हणजे तुटली तरी मणी घरभर पळणार नाहीत. गाठी फार आवळू नका. आणि जुने चपटे मणी ओवताना ज्या बाजूने झिजलेत ती बाजू एकाच दिशेला येईल असं बघा, नाहीतर हाताला वेगळं लागेल.