स्क्रिप्टमधील 'सीडी' टर्मिनलला का लागू होत नाही?

प्रश्न

नमस्कार. मी उबुंटूवर बॅश शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) वापरते. काम सुरू करताना प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जावे आणि डेटाबेसचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा, एवढ्यासाठी मी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली आहे. शेलचे नाव सांगणाऱ्या सुरुवातीच्या ओळीनंतर आधी फोल्डर बदलणारी 'सीडी' आहे, मग व्हेरिएबल इतर प्रोग्रॅमना उपलब्ध करणारी 'एक्सपोर्ट'. स्क्रिप्ट कोणतीही त्रुटी न दाखवता संपते, परंतु त्यानंतर टर्मिनल जुन्याच फोल्डरमध्ये असते आणि व्हेरिएबल रिकामे येते. स्क्रिप्टमध्येच चालू फोल्डर दाखवणारी 'पीडब्ल्यूडी' लिहून पाहिले तेव्हा नव्या फोल्डरचे नाव छापले गेले. विंडोजवर याच कामासाठी मी बॅच फाइल वापरत असे आणि ती संपल्यावर कमांड प्रॉम्प्ट नव्या फोल्डरमध्येच राहत असे. तोडगा तर हवाच आहे, पण त्याआधी यामागचे कारण समजून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर

आपली स्क्रिप्ट बरोबर आहे आणि 'सीडी'ही आपले काम चोख करते. फक्त ते काम दुसऱ्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये होते. आपण स्क्रिप्टचे नाव टाइप करून एंटर दाबता तेव्हा बॅश 'फोर्क' या सिस्टिम कॉलने (प्रणालीकडे केलेल्या विनंतीने) स्वतःची एक प्रत तयार करतो, ती प्रत 'एक्झेक'द्वारे (स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्रॅम आणणाऱ्या कॉलने) स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नमूद केलेला शेल सुरू करते आणि मूळ बॅश तिचे काम संपेपर्यंत थांबून राहतो. चालू फोल्डर कोणते, याची नोंद कर्नल (प्रणालीचा गाभा) प्रत्येक प्रोसेससाठी स्वतंत्र ठेवतो. त्यामुळे नव्या प्रोसेसने फोल्डर बदलले तरी तो बदल तिच्यापुरताच राहतो आणि ती संपताच नाहीसा होतो. व्हेरिएबलचेही तसेच आहे: 'एक्सपोर्ट' केलेले मूल्य पुढे जन्मणाऱ्या प्रोसेसना मिळते, जन्म देणाऱ्या प्रोसेसकडे ते कधीच परत जात नाही.

हा पेच युनिक्सइतकाच जुना आहे. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी युनिक्सच्या सुरुवातीच्या काळाविषयी लिहिताना सांगितले आहे की पीडीपी-७ यंत्रावरील प्रणालीत 'फोर्क' आणल्यानंतर फोल्डर बदलणारी 'सीएचडीआयआर' ही कमांड अचानक चालेनाशी झाली. तोवर ती इतर कमांडसारखाच एक स्वतंत्र प्रोग्रॅम होती. आता तिच्यासाठी नवी प्रोसेस निर्माण होई, ती प्रोसेस स्वतःचे फोल्डर बदले आणि लगेच संपे. अखेर ही कमांड शेलच्या आतच घ्यावी लागली. आजही 'सीडी' शेलचाच भाग आहे, त्याचे कारण हेच.

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट बॅच फाइलसाठी नवी प्रोसेस काढत नाही, तिच्या ओळी तो स्वतःच एकेक करून वाचतो. म्हणून तेथे आपल्याला वेगळा अनुभव आला.

दुसरे उत्तर

वरील स्पष्टीकरणावरून तोडगाही निघतो. नवी प्रोसेस न काढता चालू शेलनेच फाइल वाचावी, यासाठी फाइलच्या नावाआधी 'सोर्स' किंवा नुसता टिंब लिहून मध्ये एक जागा सोडावी. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकात टिंबच आहे. 'सोर्स' बॅशमध्ये चालते, परंतु उबुंटूचा 'एसएच' हा शेल म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा वेगळा शेल असतो आणि तो 'सोर्स' ओळखत नाही.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. अशा फाइलमध्ये 'एक्झिट' लिहिले असेल तर तो आपला चालू शेलच बंद करतो आणि टर्मिनलची खिडकी मिटते. तेथे 'रिटर्न' वापरावे. आपल्या दोन ओळींसाठी मी तर स्वतंत्र फाइल ठेवणारच नाही. बॅश सुरू होताना वाचतो त्या 'बॅशआरसी' फाइलमध्ये त्यांचे फंक्शन करावे. फंक्शन चालू शेलमध्येच चालते आणि 'सोर्स' लिहायचे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार, फंक्शन व्यवस्थित चालले. याच्याशीच निगडित वाटणारी आणखी एक शंका विचारते. 'कॅट' कमांडने फाइल वाचून पाइपद्वारे (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) 'व्हाइल' लूपला दिली आणि लूपमध्ये ओळी मोजल्या. लूपमध्ये आकडा वाढताना दिसतो, परंतु लूपनंतर तो शून्यच असतो. येथे तर मी दुसरी कोणतीही स्क्रिप्ट चालवलेली नाही.

पहिले उत्तर देणारे

शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. बॅश पाइपलाइनचा प्रत्येक भाग सबशेलमध्ये, म्हणजे 'फोर्क'ने काढलेल्या प्रतीत चालवतो. येथे 'एक्झेक' होत नसल्यामुळे 'एक्सपोर्ट' न केलेली व्हेरिएबलेही त्या प्रतीला दिसतात आणि लूप चालू शेलमध्येच चालला आहे असा भास होतो. वाढलेला आकडा मात्र त्या प्रतीबरोबरच संपतो.

उपाय सोपा आहे: 'कॅट' आणि पाइप काढून टाकावेत आणि लूपच्या शेवटी 'डन'नंतर '<' चिन्ह देऊन फाइलचे नाव लिहावे. बॅशच्या ४.२ आवृत्तीपासून पाइपलाइनचा शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवणारा 'लास्टपाइप' हा पर्यायही आहे, परंतु जॉब कंट्रोल (कामे थांबवण्याची व पुन्हा सुरू करण्याची शेलची सोय) बंद असेल तरच तो लागू होतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये तो चालेल, समोरच्या टर्मिनलवर एरवी चालणार नाही. झेडएसएच हा दुसरा शेल पाइपलाइनचा शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतो. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर तोच आधीपासून निवडलेला शेल असल्यामुळे, तेथे हाच लूप टर्मिनलवर टाइप केला तर आकडा बरोबर येतो आणि पहिल्या ओळीत बॅश नमूद केलेल्या स्क्रिप्टमध्ये घातला तर शून्य येतो.