शब्दचर्चा: यीस्टची ‘उपासमार’ म्हणावं का?

खानापूरची_मास्तरीण:
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी टिपण लिहितेय. विषय: खाद्य संपलं की यीस्ट आपली जनुकं कशी आवरतं. वाक्य असं झालं: ‘उपासमारीत किण्वपेशी (म्हणजे यीस्टची पेशी) रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, घडवणारी जनुकं बंद करते.’ शेजारच्या वर्गाचे सर कन्नड माध्यमातले. म्हणाले, ‘मॅडम, किण्व म्हणजे एन्झाइम. एन्झाइमला कसली पेशी?’ ते राहू दे. माझं अडलंय ‘उपासमार’वर. उपासमारीत जीव झुरून मरतो, इथं तर पेशी पक्की कारभारीण निघते. दुसरा शब्द सुचवा.

मळी_आणि_मी:
चिक्कोडीकडं डिस्टिलरीत आहे. मळीत साखर असते, नायट्रोजन कमी, म्हणून युरिया किंवा डीएपी टाकतोय आम्ही. कमी पडलं की पोरं म्हणतात, ‘यीस्ट बसलं.’ साखर समोर असताना उपासमार कसली ओ?

अणू_रेणू:
म्हणूनच आधी काय संपलं ते लिहा. ग्लुकोज संपलं तर एसएनएफ-१ हे प्रथिन जागं होतं. एमआयजी-१ हा पहारेकरी केंद्रकाबाहेर जातो, त्यानं दाबलेली जनुकं सुटतात आणि पेशी स्वतःच बनवलेलं अल्कोहोल खायला लागते. अमिनो आम्लं संपली तर तऱ्हा निराळी. अमिनो आम्लं वाहणारे टी-आरएनए रिकामे राहिले की जीसीएन-२ या प्रथिनाला खबर देतात, एकूण प्रथिननिर्मिती मंदावते, पण जनुकं चालू करणारं जीसीएन-४ हे प्रथिन मात्र उलट वाढतं. त्याच्या आरएनएच्या तोंडाशी चार छोट्या वाचनचौकटी, म्हणजे रायबोसोम वाचतो असे तुकडे, आहेत. सुकाळात रायबोसोम त्यांतच अडकतात, दुष्काळात त्यांतल्या शेवटच्या ओलांडून खऱ्या मजकुरापर्यंत पोचतात. मग अमिनो आम्लं घडवणाऱ्या जनुकांसकट शेकडो जनुकं चालू. तेव्हा बाई, ‘बंद करते’ हे अर्धंच झालं.

जुनी_पोथी:
‘दुष्काळ’ हाच शब्द घ्या, अणू-रेणूंच्याच तोंडून आला. आणि ‘किण्व’ सोडू नका! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या (दारूवरच्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात उडीद-तांदळाचं किण्व सांगितलंय. काकवीवर यीस्ट पोसणाऱ्यांनी आपला शब्द का टाकावा?

खानापूरची_मास्तरीण:
दुष्काळ बाहेर पडतो, पेशीत नव्हे. शिवाय टॉरचं काय करू? खाद्य असेपर्यंत टॉर हे प्रथिन वाढीची जनुकं चालू ठेवतं. रॅपामायसिन या औषधानं ते अडवलं की भरल्या ताटावरही पेशी उपाशी असल्यासारखी वागते. याला काय म्हणायचं, खोटा दुष्काळ?

शहापूरची_सून:
उडीद-तांदूळ म्हणजे आमचं दोशाचं पीठच की. सासूबाई म्हणतात ‘पीठ आलं’, माझ्या माहेरी कोल्हापूरकडं ‘फुगलं’. शेजारच्या अक्का ‘हुदुगु’ म्हणतात.

अणू_रेणू:
दोशाच्या पिठात मुख्य कारभार जिवाणूंचा असतो. कौटिल्याला पेशी ठाऊक नव्हती, त्याचं किण्व म्हणजे आंबवणारा गोळा. किण्व म्हणजे यीस्टच, हे आपण मागाहून ठरवलंय.

जुनी_पोथी:
मग कन्नडवाल्यांनी एन्झाइमला किण्व म्हटलं ते बरोबर? आपल्याकडं त्याला ‘विकर’ आहे, चांगला सोज्ज्वळ शब्द.

अणू_रेणू:
बरोबरच म्हणायचं. ‘एन्झाइम’चं ग्रीक मूळ ‘खमिरात’ असंच आहे. 1897 साली बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पेशीविना, नुसत्या यीस्टच्या रसानं साखर आंबवून दाखवली, म्हणजे आंबवणारी ती एन्झाइमंच. ‘विकर’ कुठून आला ते कुणी सांगावं, मला तो सरकारी वाटतो.

शहापूरची_सून:
अक्कांना विचारून आले. म्हणे कन्नडमध्ये ‘हुदुगु’ म्हणजे लपणंसुद्धा. पिठात कायतरी लपून बसतं म्हणून हुदुगु! पटतंय नव्हं?

जुनी_पोथी:
अजिबात नाही. उच्चार एक, शब्द दोन असतील. असल्या जुळवाजुळवीनं व्युत्पत्ती होत नसते.

मळी_आणि_मी:
असतील की, नसतीलही. शिफ्टला आमचा कन्नड सुपरवायझर आहे, त्याला विचारतो. पण पोथीवाले, ती वरची ‘काकवी’ आधी खोडा. काकवी भाकरीशी खातात. मळी खाऊन दाखवा मग शुद्ध मराठीचं बोलू.

जुनी_पोथी:
आमच्या आजोळी दोन्हीला काकवीच म्हणत.

मळी_आणि_मी:
आजोळी साखर कारखाना होता काय?