मदत हवी आहे : 'हाय नून' (१९५२) वरच्या विकिपीडिया लेखात काय ठेवू, काय काढू?

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर 'हाय नून' या वेस्टर्न सिनेमाचा लेख लिहायला घेतलाय. मसुदा भरपूर वाढलाय आणि आता कात्री कुठे लावायची तेच कळेना. माहितीचौकटीचा प्रश्न नाही, दिग्दर्शक फ्रेड झिनमन, निर्माता स्टॅन्ली क्रेमर, पटकथा कार्ल फोरमन, लांबी ८५ मिनिटं, सात ऑस्कर नामांकनं आणि त्यातली चार मिळाली (गॅरी कूपरला अभिनयाचं, बाकी संकलन, संगीत आणि गाणं), हे सगळं बसलंय. अडचण पुढे आहे.

पहिली म्हणजे कथानक. गोष्ट जवळपास प्रत्यक्ष वेळेत घडते ना, मार्शल विल केनचं लग्न लागतं, त्यानेच तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारी बाराच्या गाडीने परत येतोय अशी खबर येते, आणि मग केन दारोदार मदत मागत फिरतो. लिहायला बसलं की प्रत्येक दार महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येकाचा नकार वेगळा आहे. न्यायाधीश तर भिंतीवरचा झेंडा आणि तराजू उतरवून पिशवीत भरतो आणि सरळ गाव सोडतो, ते कसं गाळायचं?

दुसरी आणि खरी अडचण राजकारणाची. शूटिंग चालू असतानाच १९५१ मध्ये फोरमनला अमेरिकी संसदेच्या त्या कम्युनिस्ट शोधणाऱ्या कुप्रसिद्ध समितीने (एचयूएसी) साक्षीला बोलावलं, त्याने कुणाचीही नावं दिली नाहीत, हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. त्यामुळे सिनेमा म्हणजे त्या काळाचंच रूपक असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे मी प्रस्तावनेत टाकू, निर्मितीत टाकू की वेगळा विभाग करू? मला स्वतःला ते रूपक शंभर टक्के पटतं म्हणूनच भीती वाटते की लेख माझ्या मताकडे झुकेल.

तिसरं म्हणजे किस्से. ली व्हॅन क्लीफचा हा पहिला सिनेमा आणि त्याला एकही संवाद नाही, शूटिंगच्या वेळी कूपर पन्नाशीचा आणि ग्रेस केली विशी ओलांडलेली, पोलंडमधलं १९८९ चं पोस्टर, असं बरंच जमलंय. 'रंजक माहिती' असा विभाग चालेल का?

प्रतिसाद

'रंजक माहिती' विभाग करूच नका, तो उघडला की येणारा जाणारा त्यात भर टाकत राहतो आणि दोन वर्षांत त्याची अडगळ होते. प्रत्येक किश्श्याला त्याच्या विभागात जागा शोधा, जागा सापडली नाही तर तो किस्सा लेखाचा नाही. व्हॅन क्लीफचं पहिलं काम आणि संवाद नसणं कलाकारांच्या यादीत त्याच्या नावापुढे एका ओळीत बसतं. वयातल्या फरकावर समीक्षकांनी लिहिलंय, त्यामुळे ते पात्रनिवडीत जाईल, पण समीक्षकाचा संदर्भ देऊन, नुसती दोन वयं शेजारी ठेवून वाचकाला डोळा मारू नका.

कथानकासाठी इंग्रजी विकिपीडियाचा ४०० ते ७०० शब्दांचा दंडक आहे, तोच पाळा. नकारांची रांग लावण्यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहेत ते सांगा: न्यायाधीश पळतो, डेप्युटी हार्वे पेल मार्शलपदाच्या बदल्यात सौदा करू बघतो, चर्चमध्ये नुसती चर्चा होऊन केनलाच गाव सोडायचा सल्ला मिळतो, म्हातारा माजी मार्शल हात दुखतात म्हणून थांबतो. चार वाक्यांत सिनेमाचा कणा आला. झेंडा आणि तराजू ठेवायचा असेल तर ठेवा की, अर्ध्या ओळीचं काम आहे आणि दृश्य डोळ्यापुढे उभं राहतं. फक्त 'झेंडा उतरवणं म्हणजे कायद्याचा पराभव' असं कथानकात लिहू नका, पडद्यावर जे दिसतं तेवढंच. आणि शेवट लपवू नका, केनची नवी नवरी एमी गोळी झाडते ते स्पष्ट लिहा, ज्ञानकोशात शेवट असायलाच हवा.

प्रतिसाद

राजकारणाबद्दल बोलतो, कारण वेस्टर्नच्या लेखांत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. दोन गोष्टी वेगळ्या करा. समितीचं बोलावणं, नावं न देणं, क्रेमरशी फाटणं, सहनिर्माता म्हणून श्रेय जाणं, देश सोडणं, या घडलेल्या घटना आहेत आणि त्यांनी निर्मितीला प्रत्यक्ष धक्का दिला. त्या 'निर्मिती'त जातील, त्याबद्दल संकोच नको. सिनेमा त्याचं रूपक आहे हा मात्र अर्थ आहे, आणि अर्थ कुणाचा ते नाव घेऊन सांगायचं. फोरमनने स्वतः ती गोष्ट हॉलिवूडमधल्या भीतीची म्हणून सांगितली. झिनमनला ती राजकीय वाटत नव्हती, त्याच्या मते ही सदसद्विवेकाला धरून निर्णय घेणाऱ्या माणसाची गोष्ट होती. पटकथाकार आणि दिग्दर्शक यांचंच एकमत नाही म्हटल्यावर लेखाने आपल्या आवाजात 'हे रूपक आहे' म्हणायचा प्रश्नच येत नाही. दोघांना शेजारी बसवा, वाचक बघून घेईल.

वेस्टर्नचा मोठा नट जॉन वेन याचं मतही घ्यावं लागेल. १९७१ च्या मुलाखतीत त्याने या सिनेमाला आयुष्यात पाहिलेली सर्वांत अमेरिकाविरोधी गोष्ट म्हटलं, आणि तो व दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी 'रिओ ब्राव्हो' (१९५९) याला उत्तर म्हणून केला. पण नीट बघा, त्याच मुलाखतीत वेन म्हणतो की शेवटी कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो. सिनेमात तसं नाही! केन बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि एमीबरोबर घोडागाडीत बसून निघून जातो, पाय कुठेच लागत नाही. ते वाक्य लेखात घेणार असाल तर लगेच पुढे प्रत्यक्ष दृश्य सांगा, नाहीतर विकिपीडियाच्या तोंडून ती चूक पसरेल. आणि याच वेनने १९५३ च्या सोहळ्यात गैरहजर कूपरच्या वतीने ऑस्कर स्वीकारला होता, हेही तिथेच द्या, टिप्पणी न करता.

धागाकर्ता

बिल्ल्याचं सांगितलंत ते फार बरं झालं, ते वाक्य मी जसंच्या तसं घेतलं होतं. अजून एक विचारतो. संकलनाचं ऑस्कर एल्मो विल्यम्स आणि हॅरी गेर्स्टाड यांना मिळालं, आणि विल्यम्सने पुढे असं सांगितलं की पहिली जोडणी फसली होती आणि आपण संकलनात सिनेमा वाचवला. झिनमनला हे मान्य नव्हतं. हे ठेवू का? आणि ते पोस्टर?

प्रतिसाद

ठेवा, दोन्ही बाजूंसकट आणि थोडक्यात, कोण खरं ते ठरवायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा बारा वाजायच्या आधीची ती जुळणी जरा सविस्तर लिहा: घड्याळाचा लंबक, रिकामी खुर्ची, गावातले एकेक चेहरे, परत लंबक, आणि मग गाडीची शिट्टी. या सिनेमावर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक तिथे थांबतो, म्हणजे लेखानेही थांबायला हवं. तसंच तो क्रेन शॉट, कॅमेरा वर वर जातो आणि रिकाम्या रस्त्यात केन एकटा उरतो. फ्लॉइड क्रॉस्बीच्या छायाचित्रणावर परिच्छेद असेल तर तिथे घ्या. मागे विजेचे खांब दिसतात वगैरे चुका काढणाऱ्या याद्या मात्र सोडून द्या, कुठल्या अभ्यासकाने त्यावर काही म्हटलं असेल तरच बघू. आयएमडीबीवरून काही उचलू नका, तिथली बरीच भर वाचकांचीच असते.

पोस्टर नक्की घ्या, माझ्या मते त्याला किस्सा म्हणणंच चूक आहे. ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटी या पोलंडमधल्या कामगार चळवळीने कूपरचं चित्र वापरलं, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. एका देशात ज्याला अमेरिकाविरोधी म्हटलं तेच चित्र दुसऱ्या देशात कम्युनिस्ट सरकारच्या विरोधात भिंतीवर चढलं. 'वारसा' विभागात एक पूर्ण परिच्छेद द्या. १९८९ मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीच्या (जतन करण्याजोग्या अमेरिकी सिनेमांची नोंदवही) पहिल्या यादीत सिनेमा आला, तेही त्याच विभागात.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा, राजकारणाला तिथे दोन वाक्यं पुरेत. आणि 'अजरामर', 'महान कलाकृती' असे शब्द मसुद्यात शोधून उडवा. मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरचं सरावाचं पान) टाका आणि इथे दुवा द्या, कथानकाचा भाग मी तपासून देतो.