नोटीस बोर्डामागची पालीची अंडी

ए-101 सेक्रेटरी: रंगकाम आज पार्किंगपर्यंत आलंय. जुना नोटीस बोर्ड उतरवला तर मागे ही अंडी निघाली, फोटो टाकलाय. पेंटर फेकायला निघाला होता, पण सी-402चा छोटा वाट अडवून उभा आहे. काय करायचं ते पटकन सांगा.

बी-204 काकू: अगं बाई, पालीची का? टाकून द्या हो. पाल विषारी असते, अन्नात पडली तर केवढ्याला पडेल!

सी-402: काका, तो ऐकायलाच तयार नाही. घरी आणून पिल्लं वाढवायची म्हणतोय. शाळेला सुट्टी आहे तर आणू का?

बी-304: काका, कृपया अंडी खरवडू नका! फोटो मोठा करून पाहिला. दोन अंडी लाकडाला चिकटलेली आहेत, बाजूला जुन्या फुटक्या कवचांचे तुकडेही दिसतायत. म्हणजे पाली दरवर्षी हीच जागा निवडतात. घरातल्या पालीचं अंडं घालताना मऊ असतं, हवा लागली की चुन्यासारखं कडक होतं आणि बऱ्याचदा तिथेच चिकटून बसतं. ओढलं की फुटणार.

ए-101 सेक्रेटरी: एक सुटं पण आहे, वाटाण्याएवढं. पेंटरच्या हातात आहे.

बी-304: ते आत्ता ज्या बाजूने वर आहे तसंच हळूच टिश्यूवर ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक ठिपका द्या. पेन नको. पुढे कुठेही हलवलं तरी ठिपका वरच राहिला पाहिजे. कोंबडी अंडी उलटते तसं इथे चालत नाही. आतला जीव सुरुवातीलाच कवचाच्या एका बाजूला धरून बसतो, नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो.

डी-503: ताई, तुम्हाला एवढं कसं माहीत?

बी-304: माझा भाऊ म्युनिकला लेपर्ड गेको, म्हणजे ठिपकेवाल्या पाली, पाळतो. मी तिथे राहत असताना अंड्यांचं आणि पिल्लांचं मीच बघायचे. पण त्याचं जसंच्या तसं इथे करू नका. लेपर्ड गेकोचं अंडं कायम मऊ, चामड्यासारखं असतं, ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांत, ठेवावं लागतं, नाहीतर सुकून आत चेपतं. आपल्या पालीचं कवच कडक, पाणी आतच धरून ठेवतं. त्याच्यावर पाणी शिंपडायचं नाही.

सी-402: मग बल्ब लावून ऊब द्यायची का?

बी-304: अजिबात नको, नाशिकचा मे पुरेसा आहे. उलट गच्चीत किंवा उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नका, अंडी शिजतील. भाऊ अंडी उबवायचं मशीन लावतो त्याला कारण आहे: लेपर्ड गेकोत पिल्लू नर की मादी हे तापमान ठरवतं. 26 ते 28 अंशांना बहुतेक माद्या, 32च्या आसपास बहुतेक नर. आपल्याला त्यात पडायचंच नाही. काका, बोर्ड भिंतीवर जसा होता तसाच, तीच बाजू वर ठेवून पंपरूममध्ये सावलीत टेकवता येईल का?

ए-101 सेक्रेटरी: येईल. रविवारी पेस्ट कंट्रोल आहे, पंपरूम वगळायला सांगतो.

बी-304: खूप खूप आभार काका 🙏 आणि काकू, आपल्याकडची घरातली पाल विषारी नसते. मात्र तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून अन्न झाकून ठेवायचंच. छोट्यानेही अंड्याला हात लावला असेल तर साबणाने धुवायला सांगा.

बी-204 काकू: बरं बाई. पण पिल्लाला आई नको का? चमच्याने थोडं दूध पाजायचं?

बी-304: दूध नको काकू, त्यांना ते पचत नाही. पाल अंडी घालून निघून जाते, पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं. बाहेर यायला त्याच्या तोंडापुढे दोन इवलेसे दात असतात, त्याने ते कवच चिरतं. अर्धं बाहेर येऊन बराच वेळ थांबलं तरी ओढून काढायचं नाही! पोटात पिवळ्या बलकाचा साठा अजून शिल्लक असतो, तो जिरू द्यावा लागतो. भावाकडची पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे दोन-चार दिवस, खायचीच नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजीने झोप लागली नव्हती. अंगावर पिवळे-काळे पट्टे, आणि चौथ्या दिवशी एकदम किड्यावर झडप!

सी-402: किडा केवढा द्यायचा विचारतोय.

बी-304: त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. तिकडे त्यावर कॅल्शियमची पूड लावतात, नाहीतर पिल्लांची हाडं वाकतात. पण हे पाळलेल्या पिल्लांचं. आपल्या पिल्लांना पार्किंगच्या दिव्याखालचे डास आणि चिलटं भरपूर आहेत. डबीत कोंडून वाढवू नका, ती तिथे उपाशी मरतात.

सी-402: तोंड पाडलंय त्याने. निदान सुटं अंडं तरी घरी ठेवू का?

बी-304: ठेवा, सावलीतल्या कपाटावर. डबीत टिश्यू, झाकणाला सुईने भोकं. मोठी भोकं पाडू नका, पिल्लू त्यातून सहज निसटेल. महिना-दोन महिने लागतील, रोज उघडून बघायचं नाही. बाहेर आलं की शेपटीला न धरता डबीसकट खाली न्या आणि संध्याकाळी दिव्याजवळच्या भिंतीला लावा. शेपटी धरली की तोडून पळतात.

ए-101 सेक्रेटरी: बोर्ड ठेवला. वर "हलवू नये" असं लिहून चिकटवलंय. वॉचमनलाही सांगितलंय.

डी-503: काका, मग या महिन्याच्या मेंटेनन्सची नोटीस कुठे लावणार?

ए-101 सेक्रेटरी: लिफ्टशेजारी.